अल्फा कणांना सिंटिलेटर कसा प्रतिसाद देतो? मॉडेल करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कुणासाठी आहे?

इंदूरमध्ये भौतिकशास्त्रात एमएस्सी किंवा पीएचडी करणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी. खंडवा रोडवर विद्यापीठ आणि यूजीसी-डीएई केंद्र, पुढे सिमरोलला आयआयटी, शिवाय राजा रामन्ना केंद्र, एवढं एका शहरात असल्यामुळे सिंटिलेटरचा प्रकल्प दरवर्षी कुणी ना कुणी घेतंच. मग तेच प्रश्न पुन्हा येतात आणि बहुतेक वेळा सबमिशनच्या आदल्या आठवड्यात येतात. ते जरा आधी वाचायला मिळावेत म्हणून इथे लिहून ठेवले आहेत. अल्फा कण म्हणजे हेलियमचं केंद्रक आणि सिंटिलेटर म्हणजे प्रारणाची ऊर्जा शोषून प्रकाश देणारा पदार्थ, एवढं माहीत आहे असं गृहीत धरलं आहे.

गॅमासाठी केलेलं मॉडेल अल्फाला का चालत नाही?

कारण दोघांची ऊर्जा सोडण्याची पद्धत वेगळी आहे. गॅमा किरण पदार्थात इलेक्ट्रॉन मोकळा करतो आणि प्रकाश त्या इलेक्ट्रॉनमुळे मिळतो. १ एमईव्हीचा (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा) इलेक्ट्रॉन प्लास्टिक सिंटिलेटरमध्ये दर मिलिमीटरला साधारण ०.१९ एमईव्ही सोडतो आणि काही मिलिमीटर भटकून थांबतो. अमेरिशियम-२४१ मधून निघालेला ५.४८६ एमईव्हीचा अल्फा त्याच प्लास्टिकमध्ये शिरताक्षणी दर मिलिमीटरला ८८ एमईव्हीच्या आसपास वेगाने ऊर्जा सोडायला लागतो आणि सुमारे ४० मायक्रोमीटरमध्ये संपतो. म्हणजे ऊर्जेची घनता साडेचारशे पटींहून जास्त. शिवाय हा दर वाटेत वाढत जातो. ऊर्जा १ एमईव्हीच्या खाली आली की तो २३० एमईव्ही प्रति मिलिमीटरच्या घरात पोचतो आणि मगच उतरतो.

अल्फा आपल्या वाटेतून जे इलेक्ट्रॉन उडवतो तेही दुबळे असतात. ५.५ एमईव्हीचा अल्फा एका टकरीत इलेक्ट्रॉनला जास्तीत जास्त ३ केईव्हीच (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे १ केईव्ही) देऊ शकतो, कारण दोघांच्या वस्तुमानात ७,३०० पटींचा फरक आहे. ३ केईव्हीचा इलेक्ट्रॉन मायक्रोमीटरभरही जात नाही. त्यामुळे सगळी ऊर्जा वाटेच्या आजूबाजूच्या अगदी अरुंद नळीत कोंबली जाते.

सगळी ऊर्जा पदार्थातच पडली, मग प्रकाश कमी का?

हा प्रश्न ज्याला खरोखर पडला, त्याचं निम्मं काम झालं असं मी मानतो.

ऊर्जा पडली म्हणजे प्रकाश मिळाला असं नसतं. मधे टप्पे आहेत. आयनीभवन होतं, उत्तेजित रेणू किंवा इलेक्ट्रॉन-होलच्या जोड्या तयार होतात, त्या प्रकाश देणाऱ्या केंद्रापर्यंत पोचतात आणि मग फोटॉन निघतो. जोड्या विरळ असतील तर ही साखळी नीट चालते. दाट असतील तर दोन उत्तेजित रेणू एकमेकांना भिडतात, एक विझतो आणि त्याची ऊर्जा उष्णतेत जाते. थॅलियमसारखं सक्रियक, म्हणजे प्रकाश देणारी केंद्रं बनवणारी भेसळ, घातलेल्या स्फटिकात आणखी एक अडचण येते. वाटेलगतची सक्रियक केंद्रं आधीच व्यापलेली असतात. रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीत राजवाड्यासमोर जो आधीच नखशिखांत रंगला आहे त्याच्यावर आणखी गुलाल टाकून रंगलेल्यांची संख्या वाढत नाही, तसं. उरलेल्या जोड्या प्रकाश न देताच एकत्र येऊन संपतात.

याला क्वेंचिंग म्हणतात. त्याचं माप म्हणून अल्फा-बीटा गुणोत्तर वापरतात: अल्फाने दिलेला प्रकाश भागिले तेवढ्याच ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनने दिलेला प्रकाश. लेखी अहवालात 'इलेक्ट्रॉन-समतुल्य एमईव्ही' हे एकक दिसतं तेही याचंच रूप. अल्फाने किती एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनएवढा प्रकाश दिला, एवढाच त्याचा अर्थ.

बर्क्सचं सूत्र नेमकं कसं वापरायचं?

जॉन बर्क्स यांनी १९५१ मध्ये सेंद्रिय स्फटिकांसाठी ते मांडलं आणि आजही सुरुवात तिथूनच होते:

डीएल/डीएक्स = एस × (डीई/डीएक्स) ÷ (१ + केबी × डीई/डीएक्स)

एल म्हणजे प्रकाश, एस ही प्रकाश देण्याची मूळ क्षमता, डीई/डीएक्स ही स्टॉपिंग पॉवर (दर मिलिमीटरला सोडलेली ऊर्जा) आणि केबी हा क्वेंचिंगचा स्थिरांक. 'के' आणि 'बी' वेगळे मोजता येत नाहीत. त्यांचा गुणाकारच हाती लागतो, म्हणून तो एकच आकडा समजा.

एक उदाहरण हाताने करून पाहा. प्लास्टिकसाठी केबी ०.१२६ मिमी प्रति एमईव्ही घ्या, हा आकडा बराच प्रचलित आहे. इलेक्ट्रॉनसाठी छेद १ + ०.१२६ × ०.१९, म्हणजे १.०२. फरक जेमतेम दोन टक्के. अल्फासाठी वाटेच्या सुरुवातीला छेद १२ येतो आणि सर्वाधिक स्टॉपिंग पॉवरपाशी ३०. ० ते ५.५ एमईव्हीपर्यंत तुकड्या-तुकड्याने बेरीज केली की साधारण ०.३ एमईव्ही इलेक्ट्रॉन-समतुल्य मिळतं. साडेपाचातलं पाव-अर्धं एमईव्हीच शिल्लक राहतं, आणि त्यात गणिताची चूक नाही.

आता केबी ०.०९ घेऊन तीच बेरीज करा. उत्तर ०.४ च्या आसपास जातं. अल्फासाठी छेदातला १ नगण्य असल्यामुळे प्रकाश जवळजवळ केबीच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. गॅमाच्या मोजणीत मात्र हा बदल दिसणारही नाही. म्हणून सीझियमच्या गॅमावर मॉडेल बरोबर जुळलं एवढ्यावरून ते अल्फासाठीही जुळेल, असं कधीही धरू नका.

मग अल्फा-बीटा गुणोत्तर हा त्या पदार्थाचा स्थिरांक नाही का?

नाही. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

वरच्याच प्लास्टिकमध्ये पोलोनियम-२१४ चा ७.६९ एमईव्हीचा अल्फा सोडून पाहा. ऊर्जा १.४ पट झाली, पण प्रकाश साधारण १.७ पट होतो, कारण वाढलेला वाटा कमी स्टॉपिंग पॉवरच्या भागात पडतो. डीई/डीएक्स खूप मोठा असताना सूत्र सांगतं की प्रकाश ऊर्जेच्या नाही, तर कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. इटलीत ग्रान सासोच्या डोंगराखालच्या बोरेक्सिनो प्रयोगात द्रव सिंटिलेटर होता. तिथे पोलोनियम-२१० चा ५.३ एमईव्हीचा अल्फा सुमारे ०.४ एमईव्हीपाशी दिसायचा, नेमका कमी ऊर्जेच्या सौर न्यूट्रिनोंच्या पट्ट्यात. मोजणाऱ्यांना त्याचा हिशेब वेगळा ठेवावाच लागला.

तेव्हा 'या प्लास्टिकचं गुणोत्तर ०.०६' असं कुणी लिहिलं, तर कोणत्या ऊर्जेला, असा प्रश्न लगेच विचारायचा.

केबी कुठून घ्यायचा? वेगवेगळ्या लेखांत वेगवेगळा का?

शक्य असेल तर स्वतःच्या मोजणीवरून काढा. व्ही. आय. त्रेत्याक यांनी २०१० मध्ये मांडलेली पद्धत मला फार प्रामाणिक वाटते. आपल्याच मांडणीत काही ज्ञात ऊर्जेच्या अल्फांचा प्रकाश मोजायचा, त्यावर केबी बसवायचा आणि मग तोच केबी वापरून इतर आयनांचा प्रकाश सांगायचा. अट अशी की स्टॉपिंग पॉवर दोन्ही ठिकाणी त्याच स्रोतातून घ्यायची.

ही अट विसरली जाते, म्हणूनच लेखांतले आकडे जुळत नाहीत. एकाने स्टॉपिंग पॉवर अ‍ॅस्टारच्या तक्त्यातून घेतली, दुसऱ्याने स्रिम या प्रोग्राममधून. एकाने सिग्नल १०० नॅनोसेकंद साठवला, दुसऱ्याने मायक्रोसेकंदभर. एकाचा इलेक्ट्रॉनचा संदर्भ वेगळा. दोघांचे केबी आपापल्या जागी योग्य आहेत, पण एकाचा उचलून दुसऱ्याच्या गणितात घातला की तो अर्थहीन होतो. केबी लिहाल तेव्हा तक्ता, सिग्नल साठवण्याची वेळ आणि संदर्भाची ऊर्जा त्याच ओळीत लिहा.

काही जण छेदात डीई/डीएक्सच्या वर्गाचं आणखी एक पद घालतात. चार-पाच बिंदूंवर दोन स्थिरांक बसवले तर वक्र छान जुळतो, पण त्यातून हाती फारसं काही लागत नाही. पुरेशी मोजणी असेल तरच ते करा.

सगळे सिंटिलेटर सारखेच विझतात का?

मुळीच नाही. सेंद्रिय प्लास्टिक आणि द्रवांत अल्फाचा प्रकाश दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. बीजीओ (बिस्मथ जर्मेनेट) स्फटिकात साधारण पाचवा हिस्सा. थॅलियम घातलेल्या सोडियम आयोडाइडमध्ये निम्म्याहून जास्त, ०.६६ हा आकडा बऱ्याचदा दिसतो. आणि चांदी घातलेल्या झिंक सल्फाइडमध्ये अल्फा इलेक्ट्रॉनच्या जवळपास बरोबरीने उजेड देतो.

झिंक सल्फाइडचं हे बळ माणसाला फार आधी कळलं. विल्यम क्रूक्स यांनी १९०३ मध्ये झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फाचे सुटे सुटे लुकलुकणारे ठिपके भिंगातून दाखवले. १९०९ मध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी अंधारात डोळे सरावू देऊन तसेच ठिपके मोजले आणि सोन्याच्या पत्र्यावरून उलटे फिरणारे अल्फा पाहिले. अणूला केंद्रक आहे हे ज्या मोजणीतून पुढे आलं, तिचं उपकरण एक सिंटिलेटर आणि माणसाचा डोळा होता.

कमी प्रकाशही उपयोगी पडतो, याचं सुंदर उदाहरण २००३ चं आहे. बिस्मथ-२०९ स्थिर आहे असं सगळे मानत. फ्रान्समधल्या गटाने बीजीओ स्फटिक अतिशय थंड करून एकाच घटनेची उष्णता आणि प्रकाश दोन्ही मोजले. उष्णता ३.१४ एमईव्हीची पण प्रकाश त्या मानाने कमी, म्हणजे तो अल्फाच. अर्धायुष्य निघालं सुमारे १.९ × १०^१९ वर्षं. तिथे क्वेंचिंग हीच अल्फाची ओळखखूण ठरली.

जिआंट-४ मध्ये सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

जिआंट-४ म्हणजे कणांचा पदार्थातला प्रवास संगणकावर घडवून पाहणारा प्रोग्राम. त्यात चुका होतात तीन ठिकाणी, आणि तिन्ही वेळा प्रोग्राम काहीही तक्रार न करता चालू शकतो.

पहिलं म्हणजे पावलाची लांबी. जिआंट-४ मध्ये बर्क्सचं सूत्र प्रत्येक पावलाला लागतं आणि पावलात पडलेली ऊर्जा भागिले पावलाची लांबी हाच डीई/डीएक्स धरला जातो. अल्फाची ४० मायक्रोमीटरची वाट एक-दोन पावलांत उरकली तर चढता-उतरता दर सपाट होतो आणि प्रकाश काही टक्के जास्त येतो. पाऊल १ मायक्रोमीटरपर्यंत बांधा. मग अर्धं करून पाहा. उत्तर हललं नाही तर पुरे. मर्यादा लिहून भागत नाही, ती पाळणारी स्टेप लिमिटर प्रक्रिया भौतिकीच्या यादीत घालावी लागते. ती घातली नसेल तर तुमची मर्यादा कुणी वाचतच नाही.

दुसरं, दुहेरी क्वेंचिंग. प्रत्येक कणासाठी वेगळा प्रकाश-उतारा (पडलेल्या ऊर्जेमागे मिळणारा प्रकाश) देण्याची सोय आहे, आणि बर्क्सचीही आहे. अल्फाचा मोजलेला उतारा दिला म्हणजे क्वेंचिंग त्यात आलंच. त्यावर पुन्हा बर्क्स लावायचा नाही. प्रोग्राम दोन्ही एकदम चालू देत नाही, कणानुसार उतारा निवडला की बर्क्स बाजूला काढतो. पण स्वतःचा कोड लिहून डिटेक्टरचा प्रतिसाद जोडणारे हात मात्र हमखास दोन्ही लावतात.

तिसरं, बर्क्सचा स्थिरांक न देणं. बहुतेक पदार्थांना तो तुम्ही दिला नाही तर शून्य असतो, म्हणजे क्वेंचिंगच नाही. अल्फाचं शिखर थेट ५.५ वर दिसलं की आधी हेच तपासा.

जिआंट-४ शिकायलाच हवं का?

फक्त प्रकाशाचा उतारा हवा असेल तर नको. अ‍ॅस्टारचा तक्ता उतरवून घ्या आणि पायथॉनच्या पन्नासेक ओळींत बेरीज करा. मी तर म्हणेन, आधी हेच करा. पुढे जिआंट-४ चं उत्तर तपासायला हाताशी काहीतरी असेल. फोटॉन पृष्ठभागांवरून कसे उसळतात, भूमितीचा परिणाम किती, हे हवं असेल तेव्हाच मोठं हत्यार काढा.

मोजणी आणि मॉडेल जुळत नाही. आधी काय पाहू?

स्रोत आणि सिंटिलेटर यांच्यामधली हवा. हे उत्तर ऐकून मुलं निराश होतात, पण फार वेळा तिथेच गाठ सुटते.

समुद्रसपाटीला २० अंशांवर ५.५ एमईव्हीचा अल्फा हवेत सुमारे ४ सेंटिमीटर जातो आणि पहिल्या सेंटिमीटरमध्येच जवळपास ०.९ एमईव्ही गमावतो. जिआंट-४ च्या तयार हवेची घनता १.२०५ किलो प्रति घनमीटर आहे. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, इथला दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास. मे महिन्याच्या दुपारी ४० अंशांना हवेची घनता १.०६ पर्यंत उतरते आणि तोच अल्फा ४.६ सेंटिमीटरपर्यंत पोचतो. डिसेंबरच्या सकाळी १० अंशांना घनता १.१७, पल्ला ४.२. सेंटिमीटरभर अंतर ठेवून उन्हाळ्यात आणि थंडीत केलेल्या मोजण्यांत यामुळेच ०.०८ एमईव्हीच्या आसपास फरक पडतो. निर्वात कक्ष नसेल तर तापमान आणि दाब वहीत टिपून घ्या आणि मॉडेलमध्ये हवा स्वतः बनवा.

मग खिडकी. प्रकाश अडवायला लावलेला ६ मायक्रोमीटरचा अ‍ॅल्युमिनियम चढवलेला मायलर अल्फाचे ०.६ एमईव्ही खातो. तिरक्या अल्फाचे त्याहून जास्त, म्हणून शिखराला डाव्या बाजूला शेपूट येते. ही शेपूट पदार्थाची नाही. आणि सोडियम आयोडाइड ओलावा शोषतो म्हणून तो धातूच्या डबीत बंद असतो. बाहेरचा अल्फा त्या डबीतून आत जाणारच नाही, तेव्हा तो बेत सोडून द्या. बाहेरच्या अल्फासाठी उघडा ठेवता येणारा सीझियम आयोडाइड किंवा प्लास्टिक घ्या.

यानंतर प्रकाश कुठे जन्मतो ते पाहा. अल्फाचा सगळा प्रकाश पृष्ठभागापासून काही दहा मायक्रोमीटरच्या आत निघतो, संदर्भाच्या गॅमाचा प्रकाश मात्र संपूर्ण स्फटिकभर. फोटोमल्टिप्लायर (प्रकाशाचा विद्युत सिग्नल करणारी नळी) दुसऱ्या टोकाला असेल आणि वरचा पृष्ठभाग खरबरीत असेल, तर दोघांचा गोळा होणारा वाटा वेगळा असतो. मोजलेल्या गुणोत्तरात हा भूमितीचा फरक गुपचूप शिरतो आणि आपण त्याला क्वेंचिंग म्हणून मोकळे होतो. इथे जिआंट-४ च्या प्रकाश-वहनाचा खरा उपयोग आहे.

प्लास्टिकमध्ये सीझियमचं ६६२ केईव्हीचं शिखर का दिसत नाही?

कार्बन आणि हायड्रोजन हलके. तिथे फोटोविद्युत शोषण जवळजवळ होत नाही, कॉम्प्टन विकिरणच होतं. ४७७ केईव्हीच्या कॉम्प्टन कडेवरून (एका टकरीत इलेक्ट्रॉनला मिळू शकणारी कमाल ऊर्जा) कॅलिब्रेशन करा. कडेचं नेमकं स्थान डोळ्याने ठरवू नका. सिम्युलेट केलेली कड डिटेक्टरच्या ऊर्जा-विभेदनाने पसरवून मोजलेल्या वर्णपटावर बसवा.

अल्फाचं शिखर इतकं रुंद का?

प्लास्टिक १ एमईव्ही इलेक्ट्रॉनला साधारण १०,००० फोटॉन देतं. अल्फाचं ०.४ एमईव्ही इलेक्ट्रॉन-समतुल्य धरलं तर ४,००० फोटॉन. निम्मे फोटोमल्टिप्लायरपर्यंत पोचले आणि त्यांतल्या पाव भागाने इलेक्ट्रॉन सोडले, तर ५०० उरले. केवळ संख्याशास्त्रामुळे निम्म्या उंचीवरची रुंदी दहा टक्क्यांच्या वर जाते. खिडकीतला पसारा त्यावर आणखी.

पल्सच्या आकारावरून अल्फा ओळखता येतो का?

हो. सेंद्रिय पदार्थांत दाट वाटेमुळे त्रिक अवस्थेतले (जास्त काळ टिकणारे) उत्तेजित रेणू एकमेकांच्या जवळ तयार होतात, ते एकमेकांना भिडून उशिरा प्रकाश देतात, त्यामुळे अल्फाची शेपटी जड असते. थॅलियमयुक्त सोडियम आयोडाइडमध्ये उलट, अल्फाचा पल्स गॅमापेक्षा जलद उतरतो. मॉडेलमध्ये एकच क्षयकाळ घातलात तर हे काहीही दिसणार नाही. वेगवान आणि सावकाश घटकांचं प्रमाण कणानुसार द्यावं लागतं. आणि सिग्नल साठवण्याची वेळ कमी ठेवलीत तर अल्फाची शेपटी कापली जाते व क्वेंचिंग आहे त्याहून जास्त भासतं.

झिंक सल्फाइड एवढा चांगला आहे, मग त्याचंच मॉडेल का करू नये?

करा, पण ऊर्जेचं शिखर मिळेल ही आशा ठेवू नका. तो बारीक स्फटिकांच्या भुकटीचा थर असतो आणि स्वतःच्या प्रकाशाला अपारदर्शक. २५ मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर जाडी गेली की निरुपयोगी. त्याचं काम मोजणं आहे.

त्यावरचा सगळ्यात समाधान देणारा विद्यार्थी-प्रकल्प म्हणजे ल्यूकस सेल, १९५७ पासून रेडॉन मोजायला वापरली जाणारी कुपी. आतून झिंक सल्फाइडचा थर, एका बाजूला पारदर्शक खिडकी, मागे फोटोमल्टिप्लायर. आत हवा भरली की रेडॉन-२२२ (५.४९ एमईव्ही), पोलोनियम-२१८ (६.०० एमईव्ही) आणि पोलोनियम-२१४ (७.६९ एमईव्ही) असे तीन अल्फा मिळतात. मॉडेलमध्ये रेडॉन कुपीभर पसरलेला ठेवा, पण दोन्ही पोलोनियम भिंतींवर बसलेले. भिंतीवरच्या अल्फांपैकी निम्मे थेट थरात घुसतात, उरलेले कुपी ओलांडून समोर जातात. वंशज समतोलात यायला तीनेक तास थांबावं लागतं. माळव्याचं पठार बेसॉल्टचं, आणि बेसॉल्टमध्ये ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम कमी असतं. तेव्हा इथल्या घरातल्या हवेवर थोडक्या वेळात मोठा आकडा येईल अशी अपेक्षा न ठेवता लांब मोजणी आखा आणि रिकाम्या कुपीची पार्श्वभूमी तितक्याच काळजीने मोजा.

इंडस-२ वर अल्फा मिळतील का?

नाही. इंडस-२ हे राजा रामन्ना केंद्रातलं सिंक्रोट्रॉन आहे. तिथे २.५ जीईव्हीचे (२,५०० एमईव्हीचे) इलेक्ट्रॉन फिरतात आणि त्यांचं सिंक्रोट्रॉन प्रारण, मुख्यतः क्ष-किरण, वापरतात. पदार्थाची रचना अभ्यासायला ते उत्तम आहे, अल्फाच्या प्रतिसादासाठी नाही. ५ एमईव्हीच्या अल्फाला प्रयोगशाळेतला छोटा अमेरिशियम स्रोत पुरतो.

तो स्रोत स्वतः मिळवू का? धूर-सूचकात अमेरिशियम असतं म्हणे.

धूर-सूचक फोडू नका. बाहेरून अल्फा त्वचेच्या मृत थरातच थांबतो हे खरं, पण तोच कण श्वासातून किंवा अन्नातून आत गेला तर घातक आहे. फोडताना पत्रा ओरखडला की तसंच होण्याची शक्यता असते. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार संस्थेकडे असलेला स्रोत विभागाच्या विकिरण-सुरक्षा जबाबदारांच्या देखरेखीखाली वापरा. स्रोताच्या पृष्ठभागाला बोट किंवा चिमटा लावू नका. त्यावरचा संरक्षक थर काही मायक्रोमीटरचाच असतो, आणि मॉडेलमध्ये त्याचीही जाडी घालायची आहे. ती स्रोतासोबत आलेल्या प्रमाणपत्रात पाहा.